सॉफ्टवेअरच्या कामासाठी पहिला लॅपटॉप घेताना : नागपूरच्या नवख्या डेव्हलपरांसाठी पायरीपायरीने

हिंगणा मार्गावरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असताना मी माझा पहिला लॅपटॉप घेतला. बर्डीवरच्या दुकानात ‘आय फाइव्ह, आठ जीबी, पाचशे बारा’ एवढेच सांगण्यात आले, आणि तेवढ्यावर बाबांनी पैसे मोजले. सहा महिन्यांनी अँड्रॉइडचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा एम्युलेटर (संगणकावर आभासी फोन चालवणारे साधन) उघडताच यंत्र गोठू लागले. रॅम वाढवून घ्यावी म्हणून मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या तंत्रज्ञाने मागचे झाकण उघडून दाखवले, की रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे आणि दुसरी पट्टी बसवायला जागाच ठेवलेली नाही. शेवटच्या वर्षाचा संपूर्ण प्रकल्प मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर, तिथल्या वेळा सांभाळत पूर्ण केला.

आता मिहानमध्ये नोकरीला लागून काही वर्षे झाली आहेत आणि दरवर्षी जून-जुलैत कुणी ना कुणी ‘ताई, कोणता लॅपटॉप घेऊ?’ असे विचारतेच. एखाद्या मॉडेलचे नाव सांगून भागत नाही, कारण मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतात आणि एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. म्हणून निवडीची पद्धत इथे लिहीत आहे. माझ्या पद्धतीचा पाया एकच आहे : जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला. प्रोसेसर, सोल्डर केलेली रॅम, पडदा, कळफलक आणि उष्णता बाहेर टाकण्याची रचना या गोष्टी खरेदीच्या दिवशीच कायमच्या ठरतात. एसएसडी (साठवणुकीची डिस्क), बॅटरी आणि ऑपरेटिंग सिस्टीम बहुतेक यंत्रांत पुढे बदलता येतात.

पायरी १ : आधी काम ठरवा, मग बजेट

‘कोडिंगसाठी’ हे उत्तर पुरेसे नाही. वेबसाइटचा दर्शनी भाग लिहिणाऱ्याची गरज आणि जावातील सेवा डॉकरमध्ये (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालवणारे साधन) चालवणाऱ्याची गरज यांत बराच फरक आहे. पुढील सहा महिने नाही, तर पुढील चार वर्षे कोणते काम करण्याचा विचार आहे, ते कागदावर लिहा.

आयफोनसाठी ॲप बनवायचे असेल, तर निवडीचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. त्यासाठी लागणारे एक्सकोड हे साधन फक्त मॅकओएसवर चालते, त्यामुळे मॅक घ्यावाच लागतो. मशीन लर्निंग शिकायचे असेल, तर दुकानदार लगेच एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप पुढे करतो. बरीचशी साधने एनव्हिडियाच्या ‘कुडा’ प्रणालीवर चालतात, हे खरे आहे. मात्र लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०५० या कार्डाला ६ जीबी आणि ४०६० ला ८ जीबी एवढीच स्वतंत्र मेमरी असते. मोठी मॉडेले त्यात मावत नाहीत, आणि शिकण्यापुरते काम गुगल कोलॅबसारख्या सेवेवर मोफतही होते. म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केवळ या कारणासाठी अडीच किलोचे यंत्र आणि विटेएवढा चार्जर वाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कॅम्पस निवडीतून नोकरी लागली असेल आणि रुजू व्हायला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर आधी कंपनीला विचारा. बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःचा लॅपटॉप देतात आणि ग्राहकाचा कोड खाजगी यंत्रावर ठेवू देत नाहीत. अशा वेळी घाईघाईने महागडा लॅपटॉप घेतल्यास तो घरी पडून राहतो.

पायरी २ : रॅम

या लेखातील एकच पायरी वाचणार असाल, तर ही वाचा.

आज ८ जीबी रॅमचा लॅपटॉप विकासकामासाठी घेऊ नये. विंडोज आणि वीसेक टॅब उघडलेला ब्राउझर मिळूनच त्यातील निम्म्याहून अधिक जागा व्यापतात. अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रकल्प सुरू केला, की एकट्या ग्रेडलच्या (कोडपासून ॲप तयार करणाऱ्या साधनाच्या) प्रक्रियेला २ जीबीपर्यंत मेमरी वापरण्याची मुभा दिलेली असते, आणि स्टुडिओ व एम्युलेटर यांची गरज त्याहून वेगळी असते. डॉकर विंडोजवर सामान्यतः डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) मधून चालते. हे एक आभासी यंत्रच आहे आणि मूळ मांडणीत ते संगणकाच्या एकूण मेमरीपैकी निम्म्यापर्यंत मेमरी घेऊ शकते. म्हणजे १६ जीबीच्या यंत्रात डॉकरच्या वाट्याला ८ जीबी येतात आणि उरलेल्या ८ जीबीत बाकी सगळे भागवावे लागते. या हिशेबाने वेबच्या साध्या कामाला १६ जीबी किमान समजावे. अँड्रॉइड, किंवा एकाच वेळी अनेक कंटेनर चालवण्याचे काम असेल, तर ३२ जीबी घ्यावी, निदान पुढे ३२ करता येईल असे यंत्र घ्यावे.

‘पुढे करता येईल’ हे शब्द दुकानदाराच्या तोंडून ऐकून समाधान मानू नका. ते स्वतः तपासण्याची रीत सोपी आहे. माहितीपत्रकात रॅमच्या प्रकारापुढे ‘एलपीडीडीआर’ असे लिहिलेले असेल, तर दोन-चार अपवाद वगळता ती सोल्डर केलेलीच असते. नुसते ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ लिहिलेले असेल, तर पट्टी बदलता येण्याची शक्यता असते. पण तिथेही काही यंत्रांत अर्धी रॅम बोर्डवर आणि अर्धी स्लॉटमध्ये असते, म्हणून स्लॉट किती, रिकामे किती आणि कमाल क्षमता किती, हे तिन्ही पाहावे. लेनोवोचे ‘पीएसआरईएफ’ हे संकेतस्थळ या बाबतीत फार उपयोगी आहे. तिथे प्रत्येक मॉडेलपुढे रॅम सोल्डर केलेली आहे की नाही, ते स्पष्ट लिहिलेले असते. डेल आणि एचपी यांच्या संकेतस्थळांवर मॉडेलनिहाय दुरुस्ती-पुस्तिका मिळतात. त्यांत रॅम काढण्याची कृती दिलेली असेल, तर स्लॉट आहे असे समजावे. ॲपलच्या सर्व सध्याच्या लॅपटॉपांत आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत रॅम कायमची जोडलेली असते, तिथे पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी लागते.

दोन स्लॉट असतील, तर १६ जीबीची एकच पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांतही फरक आहे. दोन पट्ट्या असताना मेमरीचा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा मिळतो. तरीही मी एक पट्टी आणि एक रिकामा स्लॉट असलेले यंत्र पसंत करीन, कारण पुढे तेवढीच एक पट्टी आणून भर घालता येते आणि जुनी पट्टी वाया जात नाही. मात्र ही भर फार लांबणीवर टाकण्याच्या हिशेबाने खरेदी करू नका. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले, आणि ‘नंतर स्वस्तात टाकू’ म्हणून थांबलेल्या माझ्या दोन सहकाऱ्यांना ती महाग पडली.

पायरी ३ : प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचा

‘आय फाइव्ह’ किंवा ‘रायझन फाइव्ह’ हे आडनाव आहे, त्यावरून माणूस ओळखता येत नाही. खरी माहिती पुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते.

इंटेलच्या कोअर आय५-१३३५यू आणि कोअर आय५-१३४२०एच या दोन प्रोसेसरांचे उदाहरण घ्या. पहिल्यात एकूण १० कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाघटक) आहेत, दुसऱ्यात ८, म्हणून पहिला सरस, असे दुकानात सांगितले जाते. पण पहिल्यातील फक्त २ कोअर पूर्ण ताकदीचे असून उरलेले ८ वीज वाचवणारे लहान कोअर आहेत, तर दुसऱ्यात ४ मोठे आणि ४ लहान आहेत. ‘यू’ मालिकेची मूळ वीजमर्यादा १५ वॉटची आणि ‘एच’ची ४५ वॉटची आहे. मोठा प्रकल्प दहा-पंधरा मिनिटे बिल्ड होत राहतो (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होत राहतो), तेव्हा ‘एच’ टिकून राहतो. दिवसभर प्रवासात, चार्जरविना काम करायचे असेल, तेव्हा ‘यू’ बरा. कोणता चांगला, याचे उत्तर पायरी १ मध्ये लिहिलेल्या कागदावर आहे.

एएमडीच्या बाबतीत मोठा सापळा आहे आणि त्यात मी अनेकांना अडकलेले पाहिले आहे. २०२३ पासूनच्या सात हजारी क्रमांकांत पहिला आकडा वर्षाचा असतो, पण चिपची मूळ रचना किती जुनी आहे हे तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू मधील तिसरा आकडा २ आहे, म्हणजे त्यात २०१९ साली आलेली झेन २ ही रचना आहे आणि कोअर चारच आहेत. ७५३०यू मध्ये झेन ३ असून कोअर सहा आहेत. ७६४०यू मध्ये झेन ४ आहे. तिन्हींवर ‘रायझन ५’ हेच स्टिकर आणि तिन्ही ‘सात हजार मालिकेतले’. किमतीत थोडाच फरक दिसतो आणि कामात तो जाणवण्याइतका मोठा असतो. इंटेलनेही ‘आय’ हे अक्षर गाळून ‘कोअर ५’ आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी दोन नावे समांतर चालवली आहेत. ‘अल्ट्रा’ नसलेल्या काहींच्या आत जुनीच रचना आहे, उदाहरणार्थ कोअर ५ १२०यू.

म्हणून नियम असा ठेवा, की पूर्ण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय कोणत्याही यंत्राचा भाव विचारायचा नाही. क्रमांक हाती आला, की निर्मात्याच्या संकेतस्थळावर कोअर, वर्ष आणि वीजमर्यादा पाहायला दोन मिनिटे लागतात.

पायरी ४ : नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरा

पुण्या-बंगळुरूच्या मित्राने समाधानाने वापरलेले यंत्र नागपुरात तसेच वागेल, याची खात्री नाही. बहुतेक लॅपटॉपांची शिफारस केलेली वापरमर्यादा ३५ अंशांपर्यंतची असते. ॲपलच्या माहितीपत्रकात १० ते ३५ अंश सेल्सियस असे स्वच्छ लिहिलेले आहे. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत बाहेरचा पारा ४२-४५ अंशांवर असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या, कूलर लावलेल्या खोलीतही दुपारी ३३-३४ अंश सहज होतात.

याचा परिणाम कसा होतो, ते समजून घ्या. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढून चिपची उष्णता बाहेर टाकतो. खोली १० अंशांनी तापली, तर तेवढेच काम करताना चिपही जवळपास १० अंशांनी अधिक तापते. ती तिच्या कमाल मर्यादेजवळ, म्हणजे साधारण १०० अंशांकडे पोहोचली, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. जानेवारीत चार मिनिटांत होणारा बिल्ड मे महिन्यात सहा-सात मिनिटे घेऊ लागतो तो याच कारणाने, आणि विद्यार्थी मात्र व्हायरस शोधत बसतात.

म्हणून एकच प्रोसेसर असलेल्या दोन यंत्रांपैकी अधिक जाड, दोन पंख्यांचे आणि मागे-बाजूला मोकळी जाळी असलेले यंत्र मी इथल्या वापरासाठी निवडेन. दुकानात २४ अंशांच्या एसीत पाच मिनिटे हाताळून हे कळत नाही. त्यासाठी अर्धा तास सतत भार देऊन घेतलेल्या चाचण्यांची परीक्षणे पाहा आणि पहिल्या मिनिटातील वेग व तिसाव्या मिनिटातील वेग यांची तुलना करा. जाहिरातीत पहिल्या मिनिटाचाच आकडा असतो.

मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. वेबच्या कामाला आणि लहान बिल्डला तो उत्तम आहे, त्याची बॅटरीही दीर्घकाळ चालते. पण दुपारी एसी नसलेल्या खोलीत बसून मोठे प्रकल्प सतत बिल्ड करायचे असतील, तर पंखा असलेला मॅकबुक प्रो परवडतो का ते पाहावे.

वापराच्याही काही सवयी इथे लागतात. गादीवर ठेवून काम करू नका, कारण बहुतेक यंत्रे खालून हवा ओढतात. कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नका, त्या ओल्या हवेबरोबर धूळही आत जाऊन बसते. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये लॅपटॉप ठेवून जाऊ नका, कारण उष्णतेने लिथियम बॅटरीची क्षमता कायमची घटते. आणि धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंगच्या वेळी हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुधा घरच्या सॉकेटचे अर्थिंग तुटलेले असते किंवा चार्जरचा प्लगच दोन पिनांचा असतो. तीन पिनांचा प्लग वापरा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

पायरी ५ : पडदा आणि कळफलक

दिवसाचे आठ-नऊ तास ज्याच्याकडे पाहायचे आहे, त्यावर काटकसर करू नये. स्वस्त यंत्रांत पडद्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ आणि ‘२५० निट्स’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ रंग फिके आणि उजेड कमी. खिडकीजवळ बसणाऱ्याला ३०० निट्सहून अधिक उजेड आणि चकाकी नसलेला पृष्ठभाग हवा. दर्शनी भागाचे किंवा डिझाइनचे काम करणाऱ्याने ‘१०० टक्के एसआरजीबी’ पाहूनच घ्यावे. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० चा पडदा मिळत असेल, तर तो घ्या, कोडच्या काही ओळी अधिक दिसतात आणि त्या दिवसभर उपयोगी पडतात.

कळफलक मात्र दुकानात जाऊनच पाहावा लागतो. तिथे उभ्याने दोन शब्द टंकून भागत नाही. खुर्ची मागून घ्या आणि एक संपूर्ण फंक्शन, कंस आणि अर्धविरामांसह, टंकून पाहा. बाणांच्या कळा अर्ध्या आकाराच्या आहेत का, ‘होम’ आणि ‘एंड’ स्वतंत्र आहेत का, उजवीकडच्या अंकपट्टीमुळे हात सतत डावीकडे सरकतात का, या गोष्टी तेव्हाच कळतात.

पायरी ६ : एसएसडी, पोर्ट आणि चार्जर

एसएसडी ‘एनव्हीएमई’ प्रकारची असावी. जुन्या साटा प्रकाराचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत थांबतो. ५१२ जीबीत सुरुवात करायला हरकत नाही, कारण ती पुढे बदलता येते. दुसरा स्लॉट असेल तर आणखी बरे. बाहेरचा मोठा मॉनिटर लावणार असाल, तर एचडीएमआयची आवृत्ती पाहा. १.४ आवृत्तीवर फोर-के पडदा सेकंदाला ३० वेळाच बदलतो आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. यूएसबी-सी पोर्टमधून चार्ज होणारे यंत्र घ्या, म्हणजे चार्जर बिघडला तरी काम अडत नाही. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चार्जिंग आणि चित्र दोन्ही जातातच असे नाही, हे माहितीपत्रकात वाचून घ्या.

पायरी ७ : विंडोज, लिनक्स की मॅक

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे त्या आवृत्तीसह कुणी यंत्र देत असेल, तर ते ११ वर जाऊ शकते का, हे आधी विचारा. होम आवृत्तीवर डब्ल्यूएसएल २ आणि डॉकर दोन्ही चालतात, त्यासाठी प्रो आवृत्तीचे जादा पैसे देण्याची गरज नाही.

लिनक्स वापरायचे ठरले असेल, तर वायफाय कार्ड कोणाचे आहे ते पाहा. इंटेलची कार्डे सहसा विनातक्रार चालतात, काही इतर कार्डांसाठी ड्रायव्हर शोधण्यात एक रविवार जातो. विंडोजशेजारी लिनक्स बसवणाऱ्यांसाठी एक गंभीर इशारा आहे. नव्या यंत्रांत डिस्कचे कूटबद्धीकरण बहुतेकदा आपोआप सुरू झालेले असते. बायोसमधील (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) सुरक्षेची मांडणी बदलली, की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी-की मागते. ती हाती नसेल, तर सगळी माहिती गेली असे समजा. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. काहीही बदलण्यापूर्वी ती कागदावर लिहून घ्या.

स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत चांगले आहेत, पण त्यांची रचना एआरएमची, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळी, आहे. तुमच्या कामातील प्रत्येक साधन, ड्रायव्हर आणि एम्युलेटर त्यावर चालतो की नाही, याची यादी करून खात्री झाल्याशिवाय नवख्याने तिकडे वळू नये.

पायरी ८ : सर्व्हिस आणि वॉरंटी

‘ऑनसाइट’ वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येतो, ‘कॅरी-इन’मध्ये यंत्र केंद्रावर न्यावे लागते. शक्य असेल तर ऑनसाइट घ्या. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की नागपुरातील केंद्र प्रत्यक्ष दुरुस्ती करते, की यंत्र जमा करून मुंबई-पुण्याला पाठवते? खरेदीपूर्वी केंद्रावर जाऊन किंवा फोन करून ‘मदरबोर्ड बदलायचा झाला तर किती दिवस लागतील?’ असे थेट विचारा. माझा दुसरा लॅपटॉप एका केंद्रावर सतरा दिवस पडून होता, कारण सुटा भाग दुसऱ्या शहरातून यायचा होता. तो कालावधी माझ्या प्रकल्पाच्या मुदतीत गेला. वॉरंटी तीन वर्षांची असली, तरी बॅटरीची बहुधा एकच वर्षाची असते. दुचाकीवरून रोज खापरीपर्यंत प्रवास करणाऱ्यांनी अपघाती नुकसानीचे संरक्षण अवश्य घ्यावे.

पायरी ९ : खरेदीच्या दिवशी

लोकमान्य नगरकडून मेट्रोने येणाऱ्यांना सीताबर्डी स्थानकावर उतरून बाजार गाठता येतो. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी जाऊ नका, कारण त्या गर्दीत शांतपणे काही पाहू दिले जात नाही. सोबत पुढील गोष्टी न्या :

- निवडलेल्या दोन-तीन यंत्रांचे पूर्ण मॉडेल क्रमांक आणि त्यांचा ऑनलाइन भाव लिहिलेला कागद
- महाविद्यालयाचे ओळखपत्र, विद्यार्थी सवलतीसाठी
- हप्त्यांवर घेणार असाल, तर आधार, पॅन आणि बँकेचे तपशील
- स्वतःच्या नावे जीएसटी नोंदणी असेल, तर तो क्रमांक
- उबुंटूची चालू आवृत्ती टाकलेला पेनड्राइव्ह, लिनक्स वापरणाऱ्यांसाठी
- मोबाइल, हॉटस्पॉट आणि छायाचित्रांसाठी

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. तुम्ही नोंदणीकृत फ्रीलान्सर असाल आणि यंत्र व्यवसायासाठी घेत असाल, तर बिलावर तुमचा क्रमांक असल्याशिवाय तो कर वळता करून मिळणार नाही. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी करतो’ हा प्रस्ताव कुणीही स्वीकारू नये, बिल नाही तर वॉरंटीही अडचणीत येते. ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांतही खर्च असतो. बँक व्याज लावते, तेवढी सूट किमतीत दिली जाते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच खिशातून जाते.

खोक्याचे सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. खोक्यावरचा, यंत्राच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे का ते पाहा. मग तिथेच मोबाइलवरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर तो अनुक्रमांक टाका. वॉरंटी काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर ते यंत्र घेऊ नका किंवा तारीख दुरुस्त करून देण्याचे लेखी घ्या. दुकानदार ‘सगळे सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणाला, तर नम्रपणे नकार द्या. परवाना नसलेल्या, चोरीच्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर आणखी काय येते, ते सांगता येत नाही.

नूतनीकरण केलेले जुने यंत्र घेणाऱ्यांनी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा कार्यालयीन मालिकांकडे पाहावे. तिथे बायोसचा पासवर्ड नाही ना आणि विंडोज ११ चालते ना, एवढे दोन प्रश्न आधी सोडवा. इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) ही ११ ची किमान अट आहे.

पायरी १० : पहिला आठवडा

परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत फार लहान असते, म्हणून पहिल्याच दिवसापासून यंत्राला खऱ्या कामाला लावा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅम किती, तिचा वेग किती आणि किती स्लॉट वापरात आहेत हे दिसते, ते माहितीपत्रकाशी ताडून पाहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी (powercfg) या आज्ञेला बॅटरीरिपोर्टचा (/batteryreport) पर्याय दिला, की एक अहवाल तयार होतो. त्यातील मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता नव्या यंत्रात जवळपास सारखी असायला हवी. पूर्ण पांढरे, पूर्ण काळे आणि पूर्ण लाल चित्र पडदाभर उघडून मृत ठिपके शोधा. तुमचा सर्वांत मोठा प्रकल्प दुपारी दोनच्या सुमारास लागोपाठ पाच वेळा बिल्ड करा आणि प्रत्येक वेळेची नोंद ठेवा. पाचवा बिल्ड पहिल्याच्या दीडपट वेळ घेत असेल, तर मुदत संपण्याआधी निर्णय घ्या.

यंत्र बहुतेक वेळ चार्जरला जोडलेले राहणार असेल, तर निर्मात्याच्या साधनात जाऊन चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची मांडणी सुरू करा. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो, म्हणून राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. ऐन बैठकीत जोडणी तुटण्यापासून तो वाचवतो. खोके मुदत संपेपर्यंत टाकू नका. आणि बिल त्याच संध्याकाळी स्कॅन करून स्वतःला मेल करा, कारण दुकानांतील थर्मल कागदावरची छपाई आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात पुसट होते आणि वॉरंटीचा दावा करताना पहिल्यांदा तेच मागतात.